'काका, काही होत नाही'

सोमवारी सकाळी शेडचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात एक पोरगा वाकून आत आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, कागदाला तेलाचे डाग. टेबलावर ठेवलं, उलगडलं. प्रीमिअर पद्मिनीचा हाफ शाफ्ट. दोन तुकड्यांत.

"काका, सेम टू सेम बनवून द्या. फक्त मटेरियल ईएन-२४ टाका. आणि अर्जंट हवाय, गाडी मोशीला एका मित्राच्या गोठ्यात लावलीय."

"आत इंजिन कुठलं आहे?"

"जिप्सी किंगचं. तेराशे सीसी. ऐंशी बीएचपी!"

"गिअरबॉक्स?"

"तीच. ओरिजिनल."

"मागचा डिफरन्शियल?"

"तोच. काका, काही होत नाही. जुनं लोखंड आहे."

भोसरी एमआयडीसीत गिअर आणि स्प्लाइन कापण्यात माझी हयात गेली. या टेबलावर मी पुष्कळ तुटलेलं लोखंड पाहिलंय आणि ते आणून ठेवणाऱ्यांच्या तोंडून हेच तीन शब्द ऐकलेत. वस्तू समोर दोन तुकडे होऊन पडलेली असते आणि माणूस म्हणतो, काही होत नाही! न्यायशास्त्रात प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण. आमच्या पट्ट्यात प्रत्यक्षालाही कोणी भीक घालत नाही.

पोरगा अडाणी असता तर मी मुकाट्याने शाफ्ट बनवून दिला असता. पण हा मेकॅनिकलचा इंजिनिअर. चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला, आणि खातं कोणतं? ड्राइव्हलाइनची टिकाऊपणाची चाचणी. म्हणजे सोमवार ते शनिवार याला पगार मिळतो तो गिअरबॉक्स आणि एक्सल रिगवर चढवून, रात्रंदिवस फिरवून, ते कधी आणि कुठून तुटतात हे लिहून ठेवण्याचा. एका बोल्टाचा टॉर्क कमी भरला तर हा लाइन थांबवतो. सह्या झाल्याशिवाय याच्या खात्यातून वॉशर बाहेर पडत नाही. आणि रविवारी हाच पोरगा आजोबांच्या गाडीत दीडपट पिळाचं इंजिन बसवतो, गॅस कटरने कापलेल्या प्लेटवर, चाळीस वर्षं झिजलेल्या एक्सलसमोर, आणि गणित म्हणून कागदावर एक ओळ ओढत नाही. सहा दिवस ज्या डोक्याचा पगार मिळतो ते डोकं सातव्या दिवशी कुठे ठेवतात हे लोक? लॉकरमध्ये, हेल्मेटशेजारी?

आणि हे घडतंय कुठे, तर इथे! कोथरूडला एआरएआय १९६६ पासून गाड्या तपासतेय, चाकणलाही तिचं केंद्र आहे. भोसरीत नाशिक फाट्याजवळ सीआयआरटी ही तशीच दुसरी संस्था आहे. टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यातून १९९१ साली सिएरा बाहेर पडली. मर्सिडीज आधी पिंपरीत जुळायची, २००९ पासून चाकणला जुळते. त्याच साली फोक्सवॅगनही चाकणला सुरू झाली. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून निघून तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकेपर्यंत तुम्ही जितके गिअर, शाफ्ट, क्लच आणि बेअरिंग बनवणाऱ्या शेडसमोरून जाता, तितक्या देशात फार थोड्या ठिकाणी सापडतील. एवढी विद्या दाराशी असताना जुन्या गाडीच्या बाबतीत आमचं ज्ञान तीन शब्दांवर थांबावं, याची मला लाज वाटते.

पद्मिनीला मी स्पोर्ट्स कारच म्हणतो, त्यावर कोणी नाक मुरडू नये. आपल्या देशाने खरी दोन दारी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार अशी कितीशी बनवली? गोव्याच्या सॅन मोटर्सने नव्वदीच्या अखेरीला सॅन स्टॉर्म काढली, फायबरची बॉडी आणि रेनॉचं बाराशेचं इंजिन. ती रस्त्यावर किती दिसली ते तुम्हीच आठवा. बाकी सगळा काळ जे हाती होतं त्यालाच रेसिंग कार करायचं, अशी रीत होती. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट अकराशे पळायच्या, हेड घासून, कार्ब्युरेटर बदलून. हीच फियाट पुढे पद्मिनी झाली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअरने कुर्ल्यात बांधलेली ही गाडी मराठी घरात लग्नालाही गेली आणि घाटातही पळाली. तिला वेगाची हौस आहेच. हौसेला माझी ना नाही. माझी ना आळसाला आहे.

आता मूळ प्रश्न. जुन्या गाडीत जास्त ताकदीचं इंजिन टाकलं तर मूळची गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, हाफ शाफ्ट ही सगळी साखळी टिकते का? यावर आमच्याकडे दोन पंथ आहेत आणि दोन्ही पंथांनी वही-पेन्सिल हातात धरलेली नाही. एक म्हणतो, काही होत नाही. दुसरा म्हणतो, हात लावलात तर पहिल्याच चौकात एक्सल तुटेल. पहिला बेफिकीर, दुसरा भित्रा. दोघेही एकाच आकड्यावर भांडतात, बीएचपीवर. आणि बीएचपी हा आकडा हाफ शाफ्टला कळतच नाही!

शाफ्टला कळतो तो पीळ. टॉर्क. पद्मिनीचं १,०८९ सीसीचं इंजिन ४० च्या आसपास बीएचपी देतं आणि पीळ देतं ७० न्यूटन-मीटरच्या आसपास. जिप्सी किंगचं १,२९८ सीसीचं इंजिन ८० बीएचपी देतं, पण पीळ साधारण १०३. बीएचपी दुप्पट झाली, पीळ दीडपट. वरची ताकद आली कुठून? फेऱ्यांतून. ते इंजिन ६,००० फेऱ्यांपर्यंत जोर धरून फिरतं, जुनं त्याच्या कितीतरी आधी धापा टाकतं. तेव्हा "ताकद डबल झाली, एक्सल मेला" म्हणून छाती बडवणारे चुकीचे. शाफ्टवरचा जोर दुप्पट झालेलाच नाही. पण दीडपट झालाय, आणि दीडपट म्हणजे शून्य नव्हे, हे पहिल्या पंथाला कोण सांगणार?

पुढे चला. पद्मिनीत पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून इंजिनाचा पीळ साधारण सोळापट करतात. सत्तरचे झाले १,१२०. आता मागच्या एक्सलवर ५०० किलो भार धरा, कोरडा डांबरी रस्ता, घर्षणाचा गुणक ०.८, चाकाची त्रिज्या २९ सेंटिमीटर. दोन्ही चाकं मिळून रस्त्याला जास्तीत जास्त १,१३० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ देऊ शकतात. त्यापुढे टायर घसरतो. पुन्हा वाचा. इंजिन पहिल्या गिअरमध्ये देतं १,१२०, टायर झेलतो १,१३०. ज्यांनी ही गाडी आखली त्यांनी ५.२० बाय १४ चा तो बारीक टायर कंजुषीने घातला नव्हता. तो टायर म्हणजे त्या साखळीचा फ्यूज आहे. जास्त जोर आला की टायर घसरणार, करकरणार, रबर जाळणार, आणि आतले दात वाचणार.

आता आमच्या वीराने काय केलं? त्याने घातले रुंद रेडियल, अॅलॉयवर. दिसतं छान, मान्य. रस्ता घट्ट धरतात, तेही मान्य. गुणक ०.८ चा १ झाला तर टायर झेलणार १,४०० च्या वर. म्हणजे जो पीळ आधी धुरात जायचा तो आता शाफ्टमध्ये जाणार. पुढे त्याने क्लच घसरतो म्हणून हेवी ड्यूटी प्रेशर प्लेट बसवली. दुसरा फ्यूज गेला. सिग्नलला इंजिन गरगरवून पाय एकदम काढला की इंजिनाच्या पिळात फ्लायव्हीलचा धक्का मिळतो, आणि तो धक्का इंजिनाच्या कागदावरच्या आकड्याच्या कितीतरी वर जातो. मूळचा क्लच तिथे घसरून गाडीला वाचवायचा. आता तो घसरत नाही. आणि आज हा मला म्हणतो, शाफ्ट मूळच्याहून दणकट अशा ईएन-२४ पोलादात बनवा. तिसरा फ्यूजही काढा!

घरातला फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार पिळून घालणारे महाभाग तुम्ही पाहिले असतील. प्रत्येक वाड्यात एक असायचा. फ्यूज मग जात नाही हे खरं. वायरिंग जळतं. शाफ्ट दणकट केला की पुढचा नंबर डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनचा. शाफ्ट तुटला तर एक शाफ्ट जातो. पिनियनचा दात निघाला आणि क्राऊनमध्ये अडकला तर मागची चाकं चालत्या गाडीत जाम होतात. शाफ्ट कुठून तुटतो तेही बघा. या गाड्यांत चाक त्या शाफ्टवरच टांगलेलं असतं. आतल्या बाजूला, स्प्लाइनशी तुटला तर गाडी नुसती उभी राहते. बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाक ड्रमसकट निघून पुढे जातं. पोराचा आत तुटला. चार बोटांचं नशीब! आणि तो मला सांगतोय, काही होत नाही.

मी तो तुकडा उचलून खिडकीशी नेला. तुटलेल्या तोंडावर रॉकेलचा बोळा फिरवला. तुम्हीही कधी असा तुकडा हाती आला तर त्याचं तोंड नीट बघा, लोखंड खोटं बोलत नाही. कडेला, स्प्लाइनच्या एका दाताच्या मुळाशी, नखाएवढा काळपट गुळगुळीत भाग. त्यात अर्धगोल रेघा, एकामागे एक, ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा. आणि उरलेला भाग राखाडी, खडबडीत, साखरेच्या कण्यांसारखा चमकणारा. खडबडीत भाग शनिवारी संध्याकाळी तुटला. गुळगुळीत भाग कित्येक आठवडे तुटत होता. प्रत्येक सिग्नलला, पाय एकदम काढला की चीर केसभर पुढे. एक रेघ, दुसरी रेघ. चिरेच्या तोंडाला गंज चढायलाही वेळ मिळाला होता.

"पण काका, दोन महिने तर मस्त चालली! लोणावळ्याला जाऊन आलो."

हाच तो हेत्वाभास. दोन महिने चालली म्हणून टिकते. लोखंडाचं थकणं हा हिशेब मोजून होतो, आणि हे त्याच्या खात्यात रोज मोजलं जातं. बेअरिंगचं सूत्र तर त्याने कॉलेजातच पाठ केलं असणार: भार वाढला की आयुष्य त्याच्या घनाने कमी. भार दीडपट झाला तर आयुष्य उरतं तिसऱ्या हिश्श्याहून कमी. गिअरबॉक्सचं बेअरिंग लाखभर किलोमीटर चालणार असेल तर ते आता तीस हजारात आवाज करणार. पहिल्या दिवशी काहीच होणार नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "काही होत नाही" म्हणणाऱ्याला पुरावा रोज मिळत जातो, आणि एक दिवस पुरावाच तुटतो.

प्रोपेलर शाफ्टचं तर कोणी नावही काढत नाही. टॉप गिअरला तो इंजिनाच्याच फेऱ्यांनी फिरतो. आधी ४,८०० च्या आसपास फिरणारा शाफ्ट ६,००० ला नेलात की त्यातल्या असमतोलाचा झटका वेगाच्या वर्गाने वाढतो, तोही दीडपटीच्या वर. क्रॉस जुना असेल, बॅलन्सची एक पट्टी निसटलेली असेल, तर तो शाफ्ट गाडीच्या पोटाला खालून हातोडे मारू लागतो. पोराला विचारलं, शाफ्ट बॅलन्स करून घेतलास? "व्हायब्रेशन आहे थोडं. काका, काही..." मी हात वर केला. पुढचे शब्द त्याने गिळले.

आणि हे "जुनं लोखंड" प्रकरण! हा आमच्या गॅरेजांचा लाडका मंत्र आहे. जुनं लोखंड भारी, आताचं पत्र्यासारखं. जुन्या पितळेच्या भांड्यांवरून लोखंडाबद्दल अनुमान काढलेलं दिसतं. अरे, आजचं गिअरचं पोलाद जुन्यापेक्षा स्वच्छ असतं, त्यातली घाण कमी, वायू काढून टाकलेले, उष्णतेची प्रक्रिया संगणकाने चालवलेली. चीर जिथून सुरू होते ते दोषच त्यात कमी. जुनी गाडी मजबूत वाटते कारण आखणाऱ्यांनी तिच्यात राखीव ताकद ठेवली होती. का ठेवली? त्यांना ठाऊक होतं की पाच जणांच्या गाडीत आठ जण बसणार, वर कॅरिअरवर ट्रंका चढणार आणि बोरघाटात पहिल्या गिअरमध्ये रडत जाणार. ती राखीव ताकद म्हणजे बँकेतली ठेव होती. चाळीस वर्षं तीन पिढ्यांनी तिच्यातून पैसे काढले. आजोबांनी काढले, ड्रायव्हरने काढले, गाडी शिकताना क्लच सोडून धक्के देणाऱ्या प्रत्येक पुतण्याने काढले. पासबुक न बघता त्याच खात्यावर आणखी मोठा चेक फाडणाऱ्याला बँकेत काय म्हणतात?

बरं, गाड्या बनवणाऱ्यांनी स्वतः काय केलं ते तरी बघायचं. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा १९८४ मध्ये आली तेव्हा तिच्यात पंधराशेचं जुनं इंजिन होतं, ५० च्या आसपास बीएचपी. पुढे तिच्यात इसुझूचं अठराशेचं ८८ बीएचपीचं इंजिन बसवलं. जुन्या चार गिअरच्या बॉक्सला बसवलं का? नाही. पाच गिअरची नवी बॉक्स सोबत आणली. तेच इंजिन नव्वदीच्या सुरुवातीला अँबेसेडरला दिलं तेव्हाही पाच गिअरची बॉक्स दिली, खाली जमिनीवरच्या दांड्याची. प्रीमिअरने ११८ एनई काढली तेव्हा निसानचं इंजिन आणलं आणि त्याला जुळणारी निसानचीच गिअरबॉक्स आणली. या कंपन्यांना पैसा वाचवायचा ध्यास होता, आणि ज्या काळात आयातीच्या प्रत्येक सुट्या भागासाठी दिल्लीत खेटे घालावे लागायचे, त्या काळातही कोणी म्हणालं नाही की जुनीच बॉक्स राहू दे, काही होत नाही. आणि आमचा रविवारचा ऋषी?

सातासमुद्रापार जा. १९६२ साली कॅरल शेल्बीने इंग्लंडच्या एसी एस या छोट्या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन घातलं आणि कोब्रा जन्मली. पोरं तिची पोस्टरं भिंतीला लावतात. त्या पोस्टरवर दिसत नाही ती गोष्ट ही: मागचा डिफरन्शियल बदलून सॉल्सबरीचा दणकट डिफरन्शियल बसवला, जग्वार ई-टाइपच्या जातीचा. १९७३ ची एमजीबी जीटी व्ही-८ तर शाळेत शिकवावी असं उदाहरण. साध्या एमजीबीचं इंजिन ९५ बीएचपीचं, व्ही-८ चं १३७. वाढ निम्म्याहून कमी. पण पीळ ११० पाउंड-फुटांवरून १९३ वर गेला, म्हणजे पाऊणपट जास्त. कंपनीने मागचा रेशो बदलून इंजिनाच्या फेऱ्या खाली आणल्या, आणि पुढे ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या गिअरमधून काढून फक्त चौथ्याला ठेवला, कारण तिसऱ्यात तो पीळ त्याला सोसवत नव्हता. कारखान्याच्या इंजिनिअरांनी स्वतःच्या गाडीपुढे मान तुकवली. यात कमीपणा कसला?

दुसऱ्या पंथाला सोडतो असं समजू नका. "ओरिजिनल ते ओरिजिनल, इंजिनाला हात लावाल तर पाप" असं म्हणणारे काका लोक रॅलीला टोपी घालून येतात. त्यांची भीती अभ्यासातून आलेली नाही, भक्तीतून आलीय. त्यांना विचारा, ड्राइव्हलाइन कुठे तुटेल? सांगता येत नाही. किती पिळाला तुटेल? माहीत नाही. आणि यांच्या स्वतःच्या "ओरिजिनल" गाडीत क्रॉस बाजारातला डुप्लिकेट, क्लच प्लेट कोणाची कोण जाणे, पिनियनचं बेअरिंग बदलताना शिम अंदाजे घातलेल्या. अशी गाडी मूळ ४० बीएचपीवरही तुटू शकते. त्याच गाडीचा डिफरन्शियल उघडून, तपासून, नीट जुळवून घेतला तर तो दहा-पंधरा टक्के जास्त पीळ आरामात झेलेल, हे सत्य त्यांना अधर्म वाटतं.

एका बाबतीत मात्र या काकांची बाजू भक्कम आहे आणि ती त्यांना स्वतःला मांडता येत नाही, म्हणून मी मांडतो. कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०२१ मध्ये जुन्या गाड्यांचे नियम आले: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, मोठे फेरबदल न केलेली गाडी असेल तर वीस हजार रुपये भरून व्हीए अक्षरांची व्हिंटेज पाटी मिळते. पद्मिनी हे नाव १९७४ चं. म्हणजे पहिल्या पद्मिनी आता कुठे त्या मानाला पात्र होताहेत, आणि नेमक्या याच वेळी आमची पोरं त्यांची मूळ इंजिनं काढून भंगारात देताहेत! कुदळवाडीच्या भंगार बाजारात अशी किती इंजिनं किलोवर गेली असतील. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने ती गोदामंच जमीनदोस्त केली, आता शोधायलाही जागा नाही.

प्लेटबद्दल बोलायचं राहिलं, आणि मला सगळ्यात जास्त झोंबणारी गोष्ट तीच आहे, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. जिप्सीचं इंजिन आणि फियाटची गिअरबॉक्स यांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये एक अॅडाप्टर प्लेट लागते. इंजिनाच्या क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जुळला पाहिजे. डायल लावून, प्लेट फिरवून, डॉवेल पिन ठोकून. अर्ध्या दिवसाचं काम आहे. या पोराच्या गाडीला प्लेट कशी बसवली होती? गॅस कटरने कापून, भोकं मोठी करून, "सेट करून". मध्य अर्धा मिलिमीटर सरकला तरी इनपुट शाफ्ट प्रत्येक फेरीला वाकतो. मिनिटाला सहा हजार वेळा. मग बॉक्स पहिल्याच महिन्यात ओरडू लागते आणि हे लोक म्हणतात, फियाटची बॉक्सच कमजोर! भोसरीत ज्या गल्लीत शतांश मिलिमीटरवर बोअरिंग करणारी मशिनं चोवीस तास चालतात, त्याच गल्लीत ही प्लेट गॅसने कापली जाते. हा अपराध कोणाचा, फियाटचा?

आणि थांबायचं कशाने, हे तर मी विचारलंच नाही. चारही चाकांना ड्रम. वेग दीडपट झाला तर ब्रेकला जिरवायची ऊर्जा सव्वादोनपट. पण तो लेख वेगळा आहे.

मग करायचं काय? गाडी सोडायची नाही, हौस सोडायची नाही. एक तर बॉक्स आणि एक्सल इंजिनासोबत आणा, जसं कारखान्यांनी केलं. ते नको, मूळची साखळी ठेवायची आहे, तर मग आधी ती उघडा. हाफ शाफ्ट, पिनियन, इनपुट शाफ्ट काढून चीर तपासून घ्या, चुंबकाची चाचणी भोसरीत हाकेच्या अंतरावर होते. क्राऊन-पिनियनला रंग लावून दातांची पकड बघा, बॅकलॅश मोजा. सगळी बेअरिंग नवी. टायर मूळ रुंदीच्या जवळपासचेच. क्लच इतकाच घट्ट की शाफ्टच्या आधी तो हार मानेल. आणि सिग्नलला पाय सावकाश सोडा. पीळ इंजिनात असतो त्याहून जास्त डोक्यात असतो. सुंभ जळला तरी तो जात नाही, ही म्हण आपल्याकडे उगीच नाही आली.

हे सगळं मी त्या पोराला ऐकवलं. आवाज चढला होता, शेजारच्या शेडमधला फिटर येऊन डोकावून गेला. पोरगा गप्प. मग म्हणाला, "काका, शाफ्टचं काय?"

"ईएन-२४ मध्ये करणार नाही. आणि डिफरन्शियल माझ्यासमोर उघडल्याशिवाय कुठल्याच मटेरियलमध्ये करणार नाही."

चिडला. तुकडे कागदात गुंडाळून गेला. मला वाटलं, गेला दुसऱ्या शेडवर, तिथे कोणीतरी दोन हजारांत करून देईल.

रविवारी दुपारी आला. मित्राच्या टेम्पोत अख्खा मागचा एक्सल घालून. आम्ही दोघांनी तो उतरवून घोड्यांवर ठेवला, खाली पसरट डबा सरकवला आणि त्याने स्वतः ड्रेनचा बोल्ट सोडला. तेल काळं, दाट, हळूहळू आलं. मी डब्यात बोट बुडवलं आणि त्याच्या तळहातावर पुसलं. तो हात उन्हात नेऊन बघत राहिला. तेलात चांदीसारखी बारीक चमकी होती.

"पिनियनची?" त्याने विचारलं.

"उघड, बघू."

तो पाना शोधायला वळला.